शिंगाच्या मुठी, भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि रेनेसाँ वॅक्स

शिंगाच्या मुठीच्या जुन्या चाकूंवर लावण्यासाठी आजवर जे जे पदार्थ मी वापरले, त्यांत रेनेसाँ वॅक्स हे मेण मला सर्वांत उजवे वाटते. मात्र किडीपासून संरक्षण व्हावे एवढ्याच हेतूने कोणी ते घेणार असेल, तर त्याने घेऊ नये. संग्राहकांमध्ये या मेणाबद्दल इतक्या आदराने बोलले जाते की, गंज, बोटांचे डाग, धूळ आणि कीड या सर्वांवर तो एकच उतारा आहे, असा नवख्या माणसाचा समज होतो. पहिल्या तिन्ही बाबतींत हे मेण त्या आदराला पात्र आहे. चौथ्या बाबतीत ते काहीच करत नाही आणि वापरण्याचा क्रम चुकला, तर आतली कीड झाकून ठेवण्याचे काम मात्र करते. म्हणूनच हे परीक्षण लिहिताना मेणाइतकेच मेणाच्या आधी करायच्या कामाबद्दलही लिहिणे मला आवश्यक वाटते.

हे मेण ब्रिटिश म्युझियमच्या संशोधन प्रयोगशाळेत १९५०च्या दशकात तयार झाले आणि पुढे लंडनच्या पिक्रिएटर एंटरप्रायझेस या कंपनीने ते डब्यांत भरून विकायला सुरुवात केली. खनिज तेलापासून मिळणारे अतिसूक्ष्म स्फटिकांचे मेण आणि पॉलिथिलीन मेण अशी दोन मेणे व्हाइट स्पिरिट या द्रावकात मिसळून त्याचा पांढरा, मऊ लगदा केलेला असतो. जुन्या पॉलिशांमध्ये मधमाश्यांचे मेण किंवा कार्नोबा मेण असे. मधमाश्यांच्या मेणात मुक्त आम्ले असतात आणि ती हळूहळू पितळेवर, तांब्यावर हिरवा कळंक आणतात. चाकूच्या मुठीच्या तोंडाशी बहुतेक वेळा पितळेचे कडे असते आणि मुठीच्या पट्ट्या पितळेच्या खिळ्यांनी बसवलेल्या असतात. त्यामुळे आम्लरहित मेणाचे महत्त्व चाकूच्या संग्राहकाला फर्निचरच्या मालकापेक्षा जास्त आहे.

आता शिंगाबद्दल. आपण सर्रास 'शिंग' म्हणतो त्यात दोन अगदी वेगळे पदार्थ येतात. म्हैस, गाय, मेंढा यांचे शिंग हे आपल्या नखांसारखे केराटिनचे, थरांवर थर चढून वाढलेले असते. सांबराचे किंवा चितळाचे शिंग म्हणजे मात्र हाड असते आणि ते दर वर्षी गळून पडते. इंग्लंडमधील शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स किंवा जॉर्ज वोस्टेनहोम यांच्यासारख्या नामांकित कारखान्यांच्या चाकूंवर हे दोन्ही प्रकार दिसतात. खडबडीत, तपकिरी खाचांची मूठ असेल तर ती बहुधा सांबरशिंगाची असते. काळी किंवा मधाच्या रंगाची, कडेने प्रकाशात धरल्यावर किंचित पारदर्शक दिसणारी आणि आत लांबट रेषा असणारी मूठ खऱ्या शिंगाची असते. नेपाळी खुकरीची काळी मूठ जवळजवळ नेहमीच म्हशीच्या शिंगाची असते. किडीच्या दृष्टीने हा भेद निर्णायक आहे, कारण कीड लागते ती केराटिनला. हाडाच्या घट्ट मुठीकडे ती सहसा फिरकत नाही. शिवाय सांबर हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित प्राणी असल्यामुळे त्याच्या शिंगाच्या वस्तूंची खरेदी-विक्री भारतात करता येत नाही. जुन्या बाजारात शेफील्डचा सांबरशिंगी चाकू कितीही सुंदर दिसला, तरी तो तेथेच ठेवून पुढे जावे हे मी कळकळीने सांगतो.

शिंग खाणारे कीटक म्हणजे प्रामुख्याने दोन: कपड्यांना कसर लावणाऱ्या पतंगांच्या अळ्या आणि कार्पेट बीटल नावाच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या. आपल्याकडच्या घरांत मला दुसऱ्या प्रकाराचाच त्रास अधिक दिसला आहे. हा भुंगेरा दोन-तीन मिलिमीटरचा, गोलसर, पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांचा असतो. तो स्वतः शिंगाला तोंडही लावत नाही. फुलांतले पराग आणि मध यांवर जगतो आणि उजेडाकडे धावतो, म्हणून खिडकीच्या कडेला मेलेला सापडतो. नुकसान करते ती त्याची अळी. चार-पाच मिलिमीटर लांबीची, तपकिरी पट्ट्यांची, अंगभर केसाळ अशी ही अळी उजेड टाळते आणि जिथे कोणाचा हात महिनोन्‌महिने लागत नाही अशी जागा शोधते. केराटिन पचवणे फार थोड्या प्राण्यांना जमते, कारण त्यातले गंधकाचे बंध तोडावे लागतात; या अळीच्या पोटात ती सोय आहे. हवामानानुसार तिचे जीवनचक्र वर्ष-दोन वर्षेही चालू शकते आणि तेवढा काळ ती गुपचूप खात असते.

माझ्याकडच्या एका जुन्या खुकरीची मूठ भिंगाखाली पाहिली की हे नुकसान कसे दिसते ते नेमके कळते. लाकडाला भुंगा लागला तर सुईने टोचल्यासारखी गोल छिद्रे पडतात. इथे तसे काही नाही. मुठीच्या ज्या बाजूवर ती पेटीत टेकलेली होती, त्या बाजूला उथळ, लांबट, नखाने कोरल्यासारख्या खाचा आहेत. त्यांच्या कडा गुळगुळीत आहेत आणि तळ मात्र खरबरीत, फिकट करडा आहे. पितळी कड्याच्या अगदी लगत त्या सर्वांत खोल आहेत, कारण कडे आणि शिंग यांच्यामधल्या फटीत अळीला अंधार आणि आडोसा दोन्ही मिळतात. वरची, उजेडाकडची बाजू जवळपास कोरी आहे. अशा खाचा दिसल्या की नुकसान जुने आहे की चालू आहे, हे ठरवणे हे पहिले काम. त्यासाठी चाकू पांढऱ्या कागदावर धरून मुठीवर बोटाने हलकेच टिचक्या माराव्यात आणि कागद तसाच झाकून ठेवून काही दिवसांनी पुन्हा पाहावा. बारीक रव्यासारखी ताजी विष्ठा किंवा अळीने टाकलेली पोकळ, केसाळ कात नव्याने दिसली, तर कीड जिवंत आहे असे समजावे.

जिवंत कीड असताना मेण लावणे म्हणजे दार बाहेरून रंगवण्यासारखे आहे. रेनेसाँ वॅक्समध्ये अळी मारणारे काहीही नाही आणि ते त्यासाठी बनवलेलेही नाही. अंडी आणि अळ्या मारण्याचा जो मार्ग संग्रहालये वापरतात तोच घरी वापरता येतो, तो म्हणजे थंडी. चाकू मऊ सुती कापडात किंवा आम्लरहित कागदात गुंडाळावा, जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून शक्य तेवढी हवा काढावी, तोंड पक्के बंद करावे आणि पिशवी फ्रीजरमध्ये ठेवावी. घरगुती फ्रीजरचे तापमान साधारण उणे १८ अंश सेल्सिअस असते आणि त्या तापमानाला पूर्ण दोन आठवडे ठेवणे श्रेयस्कर. उणे ३० अंशांपर्यंत जाणारा फ्रीजर असेल तर तीन दिवसही पुरतात. यातली खरी कसोटी बाहेर काढताना लागते. पिशवी काढल्याबरोबर तिच्या बाहेरच्या बाजूला दव जमते. ती तशीच बंद ठेवून किमान २४ तास घरच्या तापमानाला येऊ दिली, तर हे पाणी बाहेरच राहते. घाईने पिशवी उघडली, तर तेच पाणी पात्यावर आणि शिंगाच्या तड्यांत उतरते आणि एका रात्रीत गंज धरतो.

खुकरीच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. जुन्या गावठी खुकरीचा पात्यामागचा दांडा मुठीत पूर्ण आरपार जाईलच असे नाही. तो आत राळ-लाखेच्या मिश्रणाने बसवलेला असतो. नेपाळीत त्याला 'लाहा' म्हणतात. हे मिश्रण थंडीत ठिसूळ होते, म्हणून फ्रीजरमध्ये ठेवताना, काढताना आणि नंतरच्या दिवसभरात मुठीला धक्का लागू देऊ नये. कीड मारण्यासाठी उष्णता वापरण्याचा सल्लाही काही जण देतात. खुकरीला तो मुळीच लागू नाही, कारण उष्णतेने लाहा सैल पडतो आणि शिंगही वाकते. कोकणात विजयदुर्ग-सावंतवाडीच्या बाजूला पूर्वी गव्याच्या शिंगाचे नाजूक काम होत असे. तिथले कारागीर शिंगाला खोबरेल लावून ते विस्तवावर धरत आणि मऊ पडले की हवा तो आकार देत. ज्या गुणामुळे त्यांना कलाकुसर करता आली, त्याच गुणामुळे जुनी मूठ तापवणे धोक्याचे ठरते. हस्तिदंत, शिंपले किंवा चांदीची तार जडवलेल्या मुठी तर फ्रीजरमध्येही घालू नयेत, कारण प्रत्येक पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतो आणि जडणकाम सुटते. अशा वस्तूंसाठी प्राणवायू शोषून घेणाऱ्या पुड्या घालून हवाबंद आवरणात काही आठवडे ठेवण्याची पद्धत आहे. मात्र त्यासाठी साधे पॉलिथिन चालत नाही, वायू आरपार न जाऊ देणारे विशेष आवरण लागते.

एवढे झाले की मग मेणाचा डबा उघडावा. प्रथम मऊ ब्रशने खाचांतली विष्ठा, कात, धूळ सगळे काढून टाकावे. जुन्या तेलाचा चिकट थर असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हाइट स्पिरिट घेऊन तो पुसावा. आपल्याकडे रंगाच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन या नावाने मिळणारा द्रावक हे काम करतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास ज्योत नसावी. नंतर सुती कापडावर अगदी थोडे, बोटाच्या टोकाला लागेल इतकेच मेण घेऊन मुठीवर पातळ पसरावे आणि ते पूर्ण कडक होण्याआधी स्वच्छ कापडाने घासावे. शिंगावर याचा परिणाम पाहण्यासारखा असतो. करडे, मेलेले वाटणारे शिंग पुन्हा काळेभोर दिसू लागते, त्यातल्या रेषा वर येतात, पण वार्निशासारखी खोटी चकाकी येत नाही आणि हाताला चिकटही लागत नाही. बोटांचे ठसे उमटत नाहीत, हा तर संग्रह हाताळणाऱ्यासाठी फार मोठा लाभ आहे. पात्यावरही तोच पातळ थर चालतो. मात्र घडीच्या चाकूच्या सांध्यात हे मेण जाऊ देऊ नये, कारण तिथे ते घट्ट होऊन धूळ धरते. सांध्याला पातळ खनिज तेलाचा एक थेंब पुरे.

या मेणाची एक मर्यादा नेमकी किडलेल्या मुठीवरच जाणवते. अळीने कोरलेल्या खाचांत मेण साठले की वाळल्यावर ते पांढरे दिसते आणि काळ्या शिंगावर हे पांढरे ठिपके नुकसान अधिकच ठळक करतात. म्हणून अशा जागी कापडाऐवजी मऊ ब्रशने मेण लावावे आणि लगेच दुसऱ्या कोरड्या ब्रशने झाडून घ्यावे. खाचा बुजवण्यासाठी शिंगाचा भुगा आणि झटपट चिकटणारा डिंक वापरलेले चाकू बाजारात पुष्कळ दिसतात. ते काम नंतर कधीही सुरक्षितपणे काढता येत नाही, त्यामुळे मला ते मान्य नाही. बुजवायचेच असेल तर काजळी मिसळलेले घट्ट मेण वापरावे, जे पुढच्या माणसाला काढता येईल. माझ्या मते त्या खाचा तशाच राहू द्याव्यात. वस्तूने जे भोगले ते वस्तूवर दिसण्यात काही गैर नाही.

पर्यायांचा विचार केला तर खोबरेल तेल घरोघरी असते आणि शिंगाला ते क्षणात झळाळी आणते, पण काही महिन्यांत ते चिकट होते, धूळ धरते आणि त्या धुळीत केस, त्वचेचे कण, मेलेले कीटक म्हणजे भुंगेऱ्याच्या अळीचे रोजचे अन्नच असते. जवसाचे तेल वाळून पिवळट कातडीसारखे बसते. जनावरांच्या खुरांपासून काढलेले नीट्सफूट तेल परदेशी संग्राहकांत लोकप्रिय आहे आणि त्याने शिंगाचे पोषण होते असे सांगितले जाते. परंतु शिंग हा मृत पदार्थ आहे आणि त्याला पोषण देता येत नाही. शिंगाला तडे जातात ते हवेतली ओल झपाट्याने कमी-जास्त झाल्याने. पुण्यात एप्रिलच्या दुपारची हवा आणि जुलैची हवा यांत जो फरक असतो, तोच शिंगाचे थर सुटायला पुरेसा ठरतो.

इथेच संग्राहकाची खरी अडचण आहे. पोलादाला हवा जितकी कोरडी तितकी चांगली, तर शिंगाला फार कोरडी हवा सोसत नाही. म्हणून ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ओंजळीने भरून टाकण्यापेक्षा, घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील एवढ्याच पुड्या घालाव्यात. असा डबा पतंगाला आणि भुंगेऱ्यालाही आत शिरू देत नाही, म्हणजे किडीविरुद्ध मेणापेक्षा डब्याचाच उपयोग जास्त. जुन्या चाकूंबरोबर येणाऱ्या सुंदर पेट्या मात्र वेगळ्या ठेवाव्यात. त्यांचे अस्तर अनेकदा लोकरीच्या नमद्याचे असते आणि लोकर हेही केराटिनच असल्याने अळीला घर आणि जेवण एकाच ठिकाणी मिळते. चामड्याच्या म्यानातही चाकू कायमचा ठेवू नये. कमावलेल्या चामड्यातली आम्ले आणि ओल पात्याला गंज आणि पितळेला कळंक आणतात. म्यान शेजारी ठेवावे, चाकू बाहेर ठेवावा.

डांबराच्या गोळ्यांबद्दल मला वारंवार विचारले जाते. कपाट पूर्ण हवाबंद नसेल तर त्यांच्या वाफेचे प्रमाण अळी मारण्याइतके होत नाही आणि हवाबंद असेल तर ती वाफ उघडणाऱ्याच्या श्वासात जाते. नॅफ्थलीन आणि पॅराडायक्लोरोबेंझिन दोन्ही कर्करोगाच्या संशयित कारणांच्या यादीत आहेत. वेखंडाची पुरचुंडी ठेवण्याची आपली जुनी पद्धत तितकी घातक नाही आणि मीही पुस्तकांच्या कपाटात ती पाळतो, परंतु जिथे अळी आधीच शिरली आहे तिथे तिच्यावर विसंबून राहू नये. त्यापेक्षा घराबाहेर नजर टाकावी. वातानुकूलन यंत्राच्या मागे किंवा सज्जात कबुतरांनी घरटे केले असेल, तर पिसे आणि मेलेली पिल्ले यांवर हे भुंगेरे पिढ्यान्‌पिढ्या वाढतात आणि उघड्या खिडकीतून आत येतात. घरटे रिकामे झाल्यावर ते काढून जागा स्वच्छ करणे हा संग्रहाच्या देखभालीचाच भाग समजावा. कपाटात कोपऱ्याला चिकट सापळ्याचा कागद ठेवला आणि पावसाळ्याआधी व नंतर प्रत्येक चाकू उलटून पाहिला, तर मूठ खाल्ली जाण्याआधीच पाहुणा कळतो.

रेनेसाँ वॅक्स ६५ आणि २०० मिलिलिटरच्या डब्यांत मिळते. भारतात ते आयात होत असल्यामुळे ऑनलाइन विक्रेत्यागणिक किमतीत मोठी तफावत असते, म्हणून दोन-तीन ठिकाणी पाहूनच मागवावे. थर इतका पातळ लागतो की घरगुती संग्रहाला लहान डबा कित्येक वर्षे पुरतो. मोठा डबा घेण्यात तोटाच अधिक, कारण झाकण थोडेही सैल राहिले तर द्रावक उडून जातो आणि लगदा कडक होतो. कडक झालेल्या मेणात थोडे व्हाइट स्पिरिट घालून ते पुन्हा मऊ करता येते. मिश्रण पूर्वीसारखे एकजीव होतेच असे नाही, पण पात्यांसाठी ते चालते. मुठींसाठी ताजे मेणच वापरावे. चांदीच्या म्यानाची किंवा जडावकामाची खुकरी, हस्तिदंत जोडलेली कट्यार अशा वस्तू मात्र मेण, फ्रीजर यांपैकी काहीही करण्याआधी प्रशिक्षित संवर्धकाला दाखवाव्यात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात स्वतंत्र संवर्धन केंद्र आहे आणि लखनऊची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा १९७६ पासून याच विषयात काम करते. तिथे किंवा तशा संस्थेत शिकलेल्या माणसाचा सल्ला मिळेपर्यंत ती वस्तू पिशवीत बंद करून इतर चाकूंपासून दूर ठेवावी.